घरच्या विजेवरचे कान

आमच्याकडे लाइट जाते ती गुरुवारी. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या सगळ्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, आणि कंपन्या बंदच आहेत म्हणून वीजवालेही आपल्या तारा-खांबांची कामं त्याच दिवशी काढतात. सकाळी गेलेली लाइट दुपार टळल्यावर कधीतरी येते. लग्न करून मी बीडकडून इथं आले, तेव्हापासून गुरुवार म्हटलं की मला दोनच गोष्टी आठवतात. पंखा बंद आणि नवरा घरी.

आमचे हे प्रेसशॉपला होते. म्हणजे लोखंडी पत्र्यावर मोठाली मशीनं धाडकन आदळतात आणि गाडीचे दरवाजे-बिरवाजे ठोकून काढतात, ते खातं. आधी भोसरीला, मग कंपनी चाकणला गेली तशी ह्यांची बसही चाकणला जायला लागली. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा थर्ड. थर्ड शिफ्टचा नवरा म्हणजे दिवसा झोपलेला नवरा. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही मायलेकी वर्षानुवर्षं कुजबुजत जगलो. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी पळत जाऊन गॅस बारीक करायची. भांडी घासली की फडक्यावर पालथी घालायची, फरशीवर नाही. लेक पाढेसुद्धा ओठातल्या ओठात म्हणायची. एवढं करूनही आतल्या खोलीतून आवाज यायचाच, "हळू बोला गं!"

मग बोलायचं कधी? गुरुवारी. आठवडाभराचं मी साठवून ठेवायची. शेजारणीनं काय म्हटलं, माहेरहून काय निरोप आला, लेकीच्या बाई काय म्हणाल्या. मधल्या वारी काही सांगायला गेलं की हे डोळे मिटूनच म्हणायचे, "गुरुवारी बोलू." आणि गुरुवारी दळण असायचं, बाजार असायचा, कुणाचं तरी लग्न असायचं, नाहीतर ओव्हरटाइम निघायचा. मग ते पुढच्या गुरुवारावर जायचं. असं करत करत माझं बरंच बोलणं शिल्लक राहिलं. त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "रिटायर झालो की रोजच गुरुवार हाय आपला. तवा बोल काय बोलायचं ते."

रिटायर झाले. रोजचा गुरुवार आला. पण तोवर ह्यांचे कान गेलेले होते.

एकदम नाही गेले. प्रेसशॉपवाल्यांचे हळूहळूच जातात. कंपनीनं पुढं पुढं कानात घालायला रबरी बोळे दिले होते, पण हे ते खिशात घालून हिंडायचे. का, तर म्हणे बोळे घातले की मशीनचा आवाज बदललेला कळत नाही. चांगलं चाललेलं मशीन एका आवाजात ठोकतं आणि बिघडायच्या आधी त्याचा सूर बदलतो, तो ह्यांना सगळ्यांच्या आधी कळायचा. त्याबद्दल साहेबांनी एकदा शालही दिली. म्हणजे मशीनचं मन राखता राखता कान संपले, आणि बायकोच्या वाट्याला आलं "आँ?"

आता तुम्ही म्हणाल, मोठ्यानं बोलावं. अहो, इतकी वर्षं कुजबुजून माझा आवाजच बसकट झालाय, तो चढत नाही. आणि चढला तरी काय? ओरडून सांगण्यासारख्या गोष्टी जगात असतात किती? आग लागली. गॅस संपला. पोरगी पास झाली. बाकी सगळा संसार हळू आवाजातला असतो. "आज भाजी कडू निघाली" हे काय गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचं? तिसऱ्यांदा सांगताना माणूस म्हणतं, जाऊ दे.

तशी हातवाऱ्यांची एक भाषा होती आमच्यात. प्रेसशॉपमध्ये तोंडानं बोलून उपयोग नसतो, तिथं सगळे हातानं बोलतात. अंगठा ओठाला लावला की चहा. खांद्यावर दोन बोटं टेकवली की साहेब येतोय. पालथा तळहात हवेत खालीवर केला की हळू, जरा सबुरीनं. ही भाषा हे घरी घेऊन आले होते. सासूबाई जिन्यात दिसल्या की मला खांद्यावर दोन बोटं दाखवायचे, आणि मी हसू दाबत पदर सारखा करायची. फक्त एक खूण आमच्या घरात बंदी असलेली. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन फुली करायची. तिचा अर्थ, कुणाचा तरी हात मशीनमध्ये सापडलाय. ती दिसली की ज्याच्या हातात जे असेल ते टाकायचं, मेन स्विच पाडायचा आणि धावायचं. लेकीनं लहानपणी एकदा नाचता नाचता तशी फुली केली होती. हे जेवत होते. ताट बाजूला सारून उभेच राहिले, तोंड पांढरंफटक. मग तिला जवळ घेऊन म्हणाले, "ही खूण खेळायची न्हाई, बाळा." त्यानंतर ती आमच्या घरात कुणी केली नाही.

लेक आता रावेतला असते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिनंच बापाला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं आणि कानाचं मशीन आणलं. शेंगदाण्याएवढी दोन बोंडं, त्यांची एक डबी, आणि ती डबी मोबाईलसारखी चार्जिंगला लावायची. हे सोफ्यावर बसले, लेकीनं मशीन कानात बसवलं, आणि नेमकी त्याच वेळी मी आत भाजीला फोडणी टाकली. हे उडालेच.

"काय फुटलं?"

"मोहरी," मी म्हटलं.

मग पेपरचं पान वाजलं. चप्पल वाजली. माझ्या बांगड्या वाजल्या. शेजारचा मिक्सर सुरू झाला तेव्हा तर ह्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "केवढा दंगा करता गं तुमी बाया!" संध्याकाळच्या आत मशीन डबीत गेलं. "जन्मभर आवाज ऐकला. आता कुठं जरा शांत वाटाय लागलं, तर तुमी परत प्रेसशॉप कानात बसवता व्हय?"

खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला कळत होतं. पण राग यायचा तो आलाच. ह्यांना शांतता मिळाली, आणि माझ्या साठवलेल्या बोलण्याचं काय? त्याचं लोणचं घालू?

त्यात लबाडी अशी की सरळ "नको" म्हणायचे नाहीत. लेकीनं फोनवर विचारलं की म्हणायचे, "घालतो की. पण आपल्याकडचा करंट लई वर-खाली होतो. एवढं नाजूक मशीन, जळलं म्हणजे?" मी मोबाईलकडे बोट दाखवायची, की हा नाही जळत तो? "मोबाईल येगळा." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! शेवटी एका रविवारी लेक आली तेव्हा मी तिच्याकरवी ह्यांच्या कानात ओरडून विचारलं, "बोर्डाची वीज चालत नसेल तर घरी बनवा. एवढे मशीनवाले ना तुम्ही! घरच्या विजेवर चार्ज केलं तर घालाल?"

"घालीन की!" छाती काढून म्हणाले. मनात हिशेब सरळ होता. घरी वीज कोण कशाला बनवतोय, म्हणजे सुटलो.

पण ह्यांचा हातच ह्यांना फितूर झाला. रिटायर झाल्यापासून पाने-पक्कड पत्र्याच्या पेटीत पडून होते. दोनच दिवसांत पेटी बाहेर आली, कागदावर रेघोट्या सुरू झाल्या, आणि आपण कशातून सुटायला निघालो होतो हे गडी साफ विसरला. मी काही आठवण करून दिली नाही.

पहिल्यांदा आलं ते सोलर. पोळपाटापेक्षा थोडं मोठं एक पॅनेल. गच्चीवर लावावं तर गच्चीची किल्ली सोसायटीच्या चेअरमनकडे, आणि चेअरमनचं म्हणणं, पाण्याच्या टाकीजवळ काही लावायचं नाही. राहिली आमची गॅलरी. तिच्यात ऊन येतं एका कोपऱ्यात, दोन बिल्डिंगांच्या फटीतून, तेही थोडाच वेळ. आणि त्या उन्हावर वर्षानुवर्षं माझ्या कुरडयांचा हक्क आहे! मी कुरडया मांडून आत आले की हे पॅनेल मांडायचे, कुरडया सावलीत. मी पॅनेल सरकवायची, हे कुरडया सरकवायचे. एकाच उन्हासाठी दोन म्हातारी माणसं पाय न वाजवता गॅलरीत ये-जा करतायत, हे समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी चवीनं बघितलं असणार. पावसाळा लागला आणि ऊनच गेलं, तेव्हा तो तंटा मिटला.

मग सायकल. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबानं पोट कमी करायला एक जागेवरची सायकल हौसेनं आणली होती. तिच्यावर थोडे दिवस माणसं बसली, मग टॉवेल वाळले, मग ती पार्किंगमध्ये धूळ खात पडली. हे ती मागून घेऊन आले. कुदळवाडीच्या भंगारातून कुठल्याशा ट्रेडमिलची मोटर आणली आणि पट्टा घालून सायकलच्या चाकाला जोडली. मला म्हणाले, "मोटरीला वीज दिली तर ती फिरती, आन् आपण तिला फिरवली तर ती वीज देती. माणसापेक्षा सरळ हाय." वीज साठवायला आमच्या जुन्या स्कूटरची बॅटरी, आणि तिला गाडीत लावतात तसला मोबाईलचा चार्जर. झालं पॉवर हाउस. माझ्या बैठकीत. सोफा भिंतीला गेला आणि टीपॉय पलंगाखाली.

उद्घाटनाच्या दिवशी एक गंमतच झाली. ह्यांनी बॅटरीच्या वायरी जोडल्या आणि पक्कड आणायला आत गेले. मी ओट्याशी. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची सून विरजण मागायला वाटी घेऊन आली. बघते तर काय, बैठकीत कुणी नाही आणि सायकल आपली आपण पायडल मारतेय! गर गर गर, मजेत. वाटी तिथंच टाकून ती "अगं बाई!" करत वर पळाली आणि संध्याकाळी माझ्या दारात लिंबू-मिरची बांधून गेली. घोळ एवढाच होता की बॅटरीतली वीज उलटी मोटरीत शिरत होती. ती एकाच बाजूनं वाहावी म्हणून मध्ये एक बारकासा काळा भाग लावायचा असतो, डायोड, तो हे विसरले होते. जन्मभर मशीन सांभाळलेला माणूस! मी अंगठा ओठाला लावला, की घ्या चहा आणि बसा. तेही हसले.

डायोड लागला आणि हे सायकलवर चढले. थोडे फेरे मारले असतील, गुडघे असे काही वाजले की ते त्यांना नाही पण मला ऐकू आले. सगळा जन्म मशीनपुढे उभ्यानं काढलेला, गुडघ्यांत उरलंय काय? डॉक्टरनं पायऱ्यासुद्धा जपून चढायला सांगितलेल्या. मी त्यांना खाली उतरवलं, पदर खोचला आणि वर चढले.

म्हणजे बघा न्याय. नवऱ्यानं माझं ऐकावं म्हणून आधी मी घाम गाळायचा. माझ्या पायांनी वीज होणार, विजेनं डबी भरणार, डबीनं ह्यांचे कान चालणार, आणि मग त्या कानांत मी बोलणार! तरी मी मारलं पायडल, रोज सकाळी, चहाच्या आधी. डबीवरचा दिवा हिरवा झाला तो दिवस गुरुवारचा होता. ह्यांनी मुकाट्यानं मशीन कानात घातलं, शब्दाला जागले. मी समोर पाट ओढून बसले. कुठून सुरू करावं याचा विचार करतेय तोच लाइट गेली. आणि दारावर टकटक. वरच्या सूनबाईच, पण आता भीती गेलेली. "काकू, माझा मोबाईल बंद पडतोय आणि ऑफिसची मीटिंग आहे. सायकलवर होईल का?"

त्या दिवसापासून आमच्या घराचं धर्मशाळेत रूपांतर झालं. गुरुवारी लाइट गेली की अर्धी बिल्डिंग मोबाईल घेऊन हजर. बाया आळीपाळीनं पायडल मारायच्या, एक सायकलवर आणि बाकीच्या सोफ्यावर भाजी निवडत. खिशात टेस्टर लावून हे स्टुलावर इन्चार्ज. ह्याला लाव, त्याचा काढ, जोरात नको, एका दमात मार. ते कौतुक काय विचारता! "काका, तुम्ही तर कमालच केली राव," असं खालचा एक पोरगेला इंजिनिअर म्हणाला. ह्यांना ऐकू आलं नाही, पण त्याच्या तोंडावरून कळलं, आणि हे फुलले. एवढ्या कलकलाटात कानाचं मशीन कोण घालणार? ते डबीत, आणि डबी रांगेत सगळ्यांच्या शेवटी. "लोकांचं आधी. घरचं काय, कवापण करता येतं." शेवटपर्यंत बॅटरीत काही उरायचं नाही, आणि मधल्या वारी मी सायकलकडे वळले की म्हणायचे, "आता गुरुवारी." आख्ख्या बिल्डिंगचे मोबाईल पोटभर जेवले आणि आमचे कान उपाशी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी गुपचूप डबी भिंतीवरच्या बोर्डाला लावून बघितली. भरली की, जळली-बिळली नाही. पण हे ओळखून होते. "शब्द घरच्या विजेचा ठरला हुता," म्हणाले आणि पेपर उघडला. पायडल मारून मारून माझी जुनी कंबरदुखी तेवढी थांबली. तो एक फायदा.

आणि मग आली खंडेनवमी, तीही गुरुवारी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. शेतकऱ्यांकडे विळे-कोयते, आमच्याकडे मशीन. कंपनीत आदल्या दिवशीच मशीन धुऊन-पुसून लख्ख करायचं, नवमीला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्या मशीनला हात लावायचा नाही. ह्यात आमचे हे फार कडक. एकदा घाईची ऑर्डर होती आणि साहेबानं सांगितलं, पूजेनंतर थोडा वेळ चालवा. हे मशीनपुढे मांडी घालून बसले. "आज ती देवी हाय सायेब, उद्याच्याला मशीन." साहेब परत गेला. ही गोष्ट आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागलेली आहे.

त्या दिवशी लाइट गेली तेव्हा हे सायकलला माळ घालत होते. चाकाला तेल, हँडलला कुंकू, पुढं माझी रांगोळी. खाली पाटावर पाने, पक्कड, टेस्टर ओळीनं मांडलेले. आणि त्या ओळीच्या टोकाला कानाची डबी, वर झेंडूचं फूल!

मी हातानं विचारलं, हे कशाला?

"तेबी मशीनच हाय," म्हणाले. डोळ्यांत मिश्कील हसू. देवालाही कामाला लावला म्हणजे! शेजारच्या बाया मोबाईल घेऊन आल्या, त्यांना खोबऱ्याचा तुकडा देऊन परत पाठवलं. आज पॉवर हाउस बंद, देवी आहे. दार लागलं. पंखा नाही, टीव्ही नाही, माणूस नाही. कित्येक महिन्यांत प्रथमच गुरुवार आमच्या दोघांचा होता.

आम्ही फरशीवर बसून दसऱ्याच्या तोरणासाठी फुलं ओवायला घेतली. ती माझ्या गॅलरीतल्या कुंडीतली होती, बारकी, गडद केशरी. ओवता ओवता मी बोलायला लागले. ठरवून नाही. हात कामात असले की तोंड आपसूक सुरू होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याची गोष्ट सांगत होते. तेव्हा आम्ही भोसरीला एका खोलीत होतो. मशीनची उत्तरपूजा झाल्यावर हे मशीनवरची माळ घरी घेऊन आले आणि माझ्या हातात ठेवली. फुलांना ऑइलचा वास. मी ती खिळ्याला अडकवली. वाळली तेव्हा तिच्यातलं बी काढून डालड्याच्या डब्यात पेरलं. त्या झाडाचं बी पुढच्या वर्षी, त्याचं त्याच्या पुढच्या. तीच फुलं, अहो, हीच. मी कधी बाजारातून आणलीच नाहीत. एवढी वर्षं सांगेन म्हणत होते, गुरुवारी सांगू म्हणत होते.

"हं," हे म्हणाले.

सुईत दोरा ओवत होते. मान डोलावून, चेहरा असा की सगळं पटतंय. गाढवापुढं वाचली गीता! मी बघत राहिले. मग त्याच आवाजात म्हटलं, "मी उद्या माहेरी निघून जाते. कायमची."

"हं. बरं हुईल," म्हणाले, आणि पुढचं फूल घेतलं.

आधी मला हसू आलं, आणि मग रडू फुटलं. इतका राग मला कधी आला नव्हता. ह्यांचा नाही, सगळ्याचाच. त्या शिफ्टचा, त्या मशीनचा, ज्याला त्याला वाटलेल्या त्या विजेचा. मी उठले, मांडीवरची फुलं फरशीभर झाली. हे वर बघायला लागले. ओरडायला आवाज नव्हता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन फुली केली.

ह्यांच्या हातातली सुई पडली. तोंड पांढरं झालं, लेकीच्या वेळी झालं होतं तसं. माझे हात बघितले, बोटं बघितली, सगळी जागेवर आहेत का. मग माझं तोंड बघितलं आणि बघतच राहिले.

मग फरशीला हात टेकून उठले. सायकलपाशी गेले, वाकून नमस्कार केला, आणि माळ काढून पाटावर ठेवली. मी पुढं झाले, "अहो, पूजा झालीय!" हातांनी सांगितलं, तोंडानं सांगितलं. डबीवरचं फूल बाजूला करून त्यांनी ती वायरीला लावली आणि हँडल धरून वर चढले.

"पूजा झालीय, अहो! गुडघे!"

"ही खूण दिसली की काय बघायचं नसतं," मागं न बघता म्हणाले. "आधी माणूस सोडवायचा."

पायडल फिरायला लागलं. प्रत्येक फेऱ्याला गुडघे वाजत होते. मी दंड धरून उतरा म्हटलं, मी मारते म्हटलं. घामानं सदरा पाठीला चिकटला तरी थांबले नाहीत. डबीचा दिवा लागला. थोडा वेळ कान चालतील इतपत भरली असेल, तेव्हा सावकाश एक-एक पाय टेकवत खाली उतरले. एक बोंड त्यांनी कानात बसवलं. एक मी बसवलं.

मग फुलं सारून फरशीवर बसले, भिंतीला पाठ लावून. श्वास लागला होता. मी पाणी दिलं. प्याले, तांब्या ठेवला. तो टेकल्याचा आवाज त्यांना ऐकू आला, कारण त्यांनी तांब्याकडे बघितलं.

"बोल आता," म्हणाले. "गुरुवार हाय."

एवढं साठवलेलं, आणि कसलं बोलणं सुचतंय! मी खाली सांडलेलं एक फूल उचललं, त्यांच्यासमोर धरलं, आणि सवयीनं, सगळा जोर लावून ओरडले, "ही झेंडूची फुलं आहेत ना..."

ह्यांनी पालथा तळहात हवेत खालीवर केला.

"हळू बोल," म्हणाले. "ऐकू येतंय मला."